वाण्याच्या दुकानासमोरून जाताना मान खाली जाते

प्रश्न: मी ४८ वर्षांची, पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते, नोकरी करते. घरात यजमान, कॉलेजात जाणारा मुलगा आणि ७८ वर्षांचे सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो. गेली काही वर्षं किराणा, भाजी, साबण सगळं ॲपवरूनच येतं. हनुमान जयंतीला, १२ एप्रिल २०२५ ला, दुपारी पाहुणे यायचे होते आणि नेमकं यूपीआय बंद पडलं. ॲपवरची ऑर्डर अडकली, पाकिटात साठ रुपये. सोसायटीखालच्या वाण्याकडे गेले तर तिथंही तेच. या दुकानात मी वर्षभरात फारशी फिरकलेही नव्हते. पण काकांनी साडेचारशेचा माल पिशवीत भरून दिला आणि म्हणाले, "न्या हो वहिनी, पैसे कुठं पळून जातात." दुसऱ्या दिवशी पैसे देऊन आले, पण तेव्हापासून दुकानासमोरून जाताना मान खाली जाते. मी हल्ली मागच्या गेटनेच जाते. घरात यावरून रोज वाद. नाना म्हणतात, "शेवटी माणूसच कामाला येतो." मुलगा म्हणतो, "एका दिवसासाठी वर्षभर जास्त पैसे का मोजायचे?" नाना स्वतः फोनवरून पैसे द्यायला मात्र शिकत नाहीत, दर वेळी नातवाला हाक मारतात. त्यात यजमानांनी ऑनलाइन मागवलेला मिक्सर बंद पडलाय आणि जवळचा दुरुस्तीवाला त्याला हात लावायला तयार नाही. ऑनलाइन घेणं सोडून द्यावं का? आणि फोन बंद पडला की माझे हातपाय गळतात, त्याचं काय करू?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

ताई, आधी त्या साडेचारशे रुपयांचं बघू. काकांनी उधार दिलं ते दया म्हणून नव्हे. उधारी वाण्याच्या धंद्यात पहिल्यापासून आहे. कोणाला द्यायचं, किती द्यायचं आणि कोणाला "आज शेठ बाहेर गेलेत" म्हणून वाटेला लावायचं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. तुम्ही कुठल्या इमारतीत राहता, नाना सकाळी कोणत्या बाकावर बसतात, तुमचा मुलगा पाव न्यायला येतो तेव्हा सुटे आणतो की नाही, हे सगळं काकांना ठाऊक आहे. त्या भरवशावर त्यांनी जोखीम घेतली आणि दुसऱ्या दिवशी पैसे गल्ल्यात आले. व्यवहार तिथं मिटला. त्यात आपुलकी होतीच, पण ती काही दर महिन्याच्या किराण्यातून हप्त्याहप्त्याने फेडायची नसते. तुम्ही मागच्या गेटने जाता तेव्हा काका इतकंच म्हणत असतील, की वहिनी हल्ली दिसत नाहीत, गावाला गेल्या का. उद्या समोरून जा, "काय काका, कसं काय?" म्हणा, पुढं चला. काही घेतलंच पाहिजे असं नाही.

दुसरं मला पत्रात खटकलं ते वेगळंच. घरातल्या माणसांची ओळख सोडली तर यजमानांचा उल्लेख एकदाच, तोही मिक्सर मागवण्यापुरता. संध्याकाळी सात वाजता नोकरीवरून आलेल्या बाईने पिशवी घेऊन पुन्हा जिना उतरावा, म्हणजे शेजारचं दुकान जगेल आणि माणुसकी टिकेल, असं म्हणणारे बहुतेक जण त्या वेळी घरात पंख्याखाली बसलेले असतात. ॲपने तुमचा रोजचा तास-दीड तास वाचवला असेल तर त्याबद्दल कोणाचीही माफी मागू नका. नानांना दुकान प्रिय आहे ना, मग आठवड्यातली एक फेरी नानांची. आणि पैशाचा हिशेब चिरंजीवांना इतका चांगला जमतो, तर एका महिन्याची यादी घेऊन त्यांनी दोन्हीकडची बिलं मांडावीत. नुसत्या छापील किमती नव्हे, शेवटी खिशातून गेलेली रक्कम.

ती रक्कम त्यांना थोडं चकित करील. कोथिंबिरीची जुडी आणि दुधाची पिशवी मागवायला बसा आणि स्क्रीनकडे नीट बघा. "अजून ९० रुपयांची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत." म्हणून आपण एक बिस्किटाचा पुडा टाकतो, मग वेफर्स. शेवटच्या पायरीवर हाताळणीचा आकार, म्हणजे हँडलिंग चार्ज येतो, पाऊस असला तर पावसाचा येतो, आणि खाली आधीच खूण केलेला टिपचा किंवा देणगीचा चौकोन असला तर तोही. पिशवी घरी येते तेव्हा तिच्यात कोथिंबीर सोडून चार जिन्नस जास्त असतात. ग्राहकाला असं गुंडाळण्याच्या १३ पद्धतींची यादी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांवर बंदी घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं, "फक्त दोनच शिल्लक" म्हणून घाई करणं, सगळं त्यात आलं. बंदी आहे म्हणून प्रकार थांबलेत असं समजू नका, पैसे भरायच्या आधी खालपर्यंत बिल वाचायचं.

आता नाना खूश झाले असतील, तर त्यांनाही सांगा, की कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे. थंड बाटलीवर "कूलिंगचे" म्हणून वर दोन-पाच रुपये लावणारे दुकानदार आपण सगळ्यांनी पाहिलेत. वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, फ्रिज कोणाचाही असो. सुट्ट्याऐवजी हातात चॉकलेट ठेवणं, बिल मागितलं की कपाळाला आठ्या घालणं, वजनकाट्याचं तोंड स्वतःकडे फिरवून ठेवणं हेही आहेच. काटा ग्राहकाला दिसेल असा हवा आणि त्याची वैधमापन विभागाकडून वेळच्या वेळी पडताळणी झालेली हवी. तुमचे काका तसे नसतील. पण "स्थानिक" या एका गुणावर बाकी सगळं माफ होत नाही.

मग कुठून काय घ्यायचं? माझी कसोटी एकच: वस्तू बिघडली, कमी भरली किंवा भलतीच निघाली, तर मी कोणासमोर जाऊन उभी राहणार?

तांदूळ घ्या. ॲपवर 'प्रीमियम इंद्रायणी' एवढंच लिहिलेलं असतं. नवा की जुना, कोण सांगणार? दुकानात पोत्यातले चार दाणे तळहातावर घ्यायचे, चोळायचे, एक दाताखाली धरायचा. काका सांगतात, "वहिनी, हा यंदाचाच आहे, पाणी बेतानं घाला, नाहीतर गिचका होईल. मोकळा हवा असेल तर हा मागच्या सालचा न्या." आणि तरीही भात बिघडला, तर उरलेला तांदूळ घेऊन खाली जाता येतं. तांदूळ, डाळी, गूळ, तिखट, शेंगदाणे, म्हणजे ज्यात बघण्या-हुंगण्याला किंमत आहे ते हाताने निवडून घ्यावं असं माझं मत. शेंगदाणा खवट आहे का हे अजून कुठला फोटो सांगत नाही. भाजीचंही तेच, फक्त त्याला वेळ लागतो आणि तो तुमच्याकडे नाही. म्हणून रविवारची मंडई नाना आणि नातू यांच्याकडे द्या.

उलटं उदाहरणही देते, म्हणजे माझा कल एकाच बाजूला आहे असं व्हायला नको. हापूस. एप्रिलमध्ये रस्त्यावरच्या गाड्यावर 'देवगड' लिहिलेल्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघणं ही पुणेकराला नवी गोष्ट नाही. तिथं जवळ असलेला विक्रेता चार दिवसांनी त्याच कोपऱ्यावर सापडेलच असं नाही. त्यापेक्षा देवगडच्या किंवा रत्नागिरीच्या बागायतदाराला फोनवर ऑर्डर देऊन, पैसे ऑनलाइन पाठवून मागवलेली गवतात भरलेली पेटी परवडते. त्याला पुढच्या वर्षीही तुम्हालाच आंबा विकायचा असतो, डागी फळाचा फोटो पाठवला तर तो गुमान बदलून देतो. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याखाली नोंदणी आहे का, तेही विचारून घेता येतं. इथं ऑनलाइनच तुम्हाला खऱ्या माणसापर्यंत नेतं. पुस्तकांचं, फोनच्या कव्हरचं, मुलाच्या कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर ते कुठूनही आलं तरी सारखंच. स्वस्त पडेल तिथून घ्या. (पुस्तक चाळून घ्यायचं असेल तर अप्पा बळवंत चौक आहेच, पण तिथं गाडी कुठं लावायची याचा सल्ला माझ्याकडे मागू नका.)

आणि जे बिघडतंच, म्हणजे मिक्सर, शेगडी, कुकर, पाण्याचा फिल्टर, ते मात्र जवळून. कुकरची रिंग सैल झाली की बोहरी आळीतला माणूस झाकण नुसतं हातात घेऊन "तीन लिटर, आतल्या झाकणाचा" असं सांगतो आणि मागच्या खोक्यातून बरोबर ती रिंग काढतो. ऑनलाइन तीच रिंग शोधताना मॉडेल नंबर लागतो, आणि तो कुकरच्या बुडावरून घासून केव्हाच गेलेला असतो.

मिक्सरचं काय करायचं ते आत्ताच सांगते. आधी प्लग काढून मिक्सर उलटा करा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी एक लहानसं बटण असतं, बऱ्याचदा लाल. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येऊन वीज तोडतं. ओल्या खोबऱ्याची किंवा भिजवलेल्या डाळीची घट्ट चटणी वाटताना हे हमखास होतं. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, बटण दाबा, रिकामा चालवून बघा. चालला तर दुरुस्तीवाल्याचा आणि यजमानांचा, दोघांचाही त्रास वाचला. मोटर फिरते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, असं असेल तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा दातेरी भाग, झिजलाय. तो स्वस्त भाग असतो, पण दाते जुळावे लागतात.

वॉरंटी शिल्लक असेल तर बाहेर उघडायला देऊ नका. ॲपमधून बिल उतरवून घ्या, त्यावर विक्रेत्याचं नाव वेगळं असेल, ते बघा. कंपनीच्या सेवा केंद्राकडे आणि ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार पोचल्याची पावती ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. नंबर साधा आहे, मराठीतही बोलता येतं. वॉरंटी संपली असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा. जुना कपलर आणि भांडं दोन्ही बरोबर न्या, नुसतं कंपनीचं नाव सांगून काम होत नाही.

तुमच्या काकांबद्दल अजून एक. त्यांना विचारा तर खरं, की महिन्याची यादी व्हॉट्सॲपवर टाकली तर माल वर पोचवाल का. अर्ध्याअधिक दुकानदारांकडे पोऱ्या असतो, गिऱ्हाईकच विचारत नाही. मोठा किराणा महिन्याला एकदा काकांकडून, अडीनडीचं रात्री दहा वाजता ॲपवरून, असं करता येईल. मला तरी यात कोणाशी बेइमानी दिसत नाही. याहून वेगळी वाटही आपल्याकडे आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हे करतेय. शेजारची कुटुंबं मिळून गट करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात, माल एकाच घरी उतरतो आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. ना मॉल, ना ॲप, ना मधला दलाल. तुमच्या सोसायटीत पाच घरं तयार झाली तर तांदूळ आणि तेल तरी असं आणता येईल. पण हे काम एकट्या तुमच्या गळ्यात पडणार असेल तर राहू द्या.

आता हातपाय गळण्याबद्दल. हे काही तुमच्या मनाचं दुबळेपण नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या. तेव्हापासून आपण पाकीट, पासबुक, पत्त्यांची वही, गॅसचा नंबर एकेक करून फोनमध्ये कोंबत गेलो. तुमचं ॲप, तुमची बँक, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय संस्थेची मधली यंत्रणा, दुकानदाराची बँक, या साखळीतली एक कडी निखळली की नारळसुद्धा घेता येत नाही. २०२५ मध्ये २६ मार्च, २ एप्रिल आणि १२ एप्रिल असं तीनदा झालं, सगळ्या देशात. त्याआधी १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या बिघडलेल्या अपडेटमुळे जगभरातले संगणक बसले, तेव्हा आपल्या विमानतळांवर कर्मचाऱ्यांनी बोर्डिंग पास पेनाने लिहून दिले. फोन न टाकता एवढंच करायचं, की ज्या कामावाचून अडतं त्याला दुसरा रस्ता ठेवायचा.

घरात आठवड्याचा खर्च भागेल एवढी रोकड ठेवा, आणि ती शंभर, पन्नास, वीसच्या नोटांत. पाचशेची नोट घेऊन नारळ घ्यायला गेलात तर सुट्ट्यासाठी पुन्हा फोनच काढावा लागेल. दुसऱ्या बँकेचं एखादं कार्ड पाकिटात असू द्या. यूपीआय लाइटमध्ये थोडे पैसे भरून ठेवता येतात, पाच हजारांपर्यंत, आणि एका वेळी हजारापर्यंत बिनपिनचे देता येतात. बँकेचा सर्व्हर रेंगाळतो तेव्हा ते उपयोगी पडतं. मूळ यंत्रणाच बसली तर मात्र त्याचा भरवसा नाही. आणि व्यवहार अर्धवट लटकला तर घाबरून दोनदा-तीनदा पैसे पाठवू नका. दुकानाच्या खात्यात न पोचलेले पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. नाही आले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये भरपाई द्यावी असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. बँका तो आपणहून सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

फ्रिजवर एक कागद चिकटवा. डॉक्टर, गॅस एजन्सी, वायरमन, वॉचमन, वाणी काका, नानांचा तो बाकावरचा मित्र. यजमानांचा आणि मुलाचा नंबर पाठ करा, दोघांनाही तुमचा करायला लावा. मुलगा हसेल. हसू द्या, पण नंबर म्हणून दाखवल्याशिवाय जेवायला वाढू नका.

उरले नाना. ते का शिकत नाहीत, हे कोणी त्यांना विचारलंय का? आपण गृहीत धरतो की हट्ट आहे. या वयाच्या पुष्कळ माणसांना भीती असते ती भलतंच बटण दाबून पेन्शन जाण्याची. पेपरात रोज फसवणुकीच्या बातम्या वाचून ती भीती वाटणं शहाणपणाचंच लक्षण आहे. शिकवायचं असेल तर नातवाने तरी शिकवू नये. तो फोन हातातून घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि "झालं आजोबा" म्हणून परत देतो. अशाने कोणी शिकत नाही. फोन नानांच्याच हातात राहिला पाहिजे. पेन्शनच्या खात्याला हात लावू नका, दुसऱ्या खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेच जोडा. पहिला व्यवहार वाणी काकांच्या दुकानात, दहा रुपयांचा, गर्दी नसताना दुपारी करू द्या. एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगा: पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणणारा चोर. तरीही काही गेलंच तर तासाभरात १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं. आपली किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले असतील, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकावर पडत नाही. स्वतःच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर तसं संरक्षण मिळत नाही, हेही नानांना स्पष्ट सांगा.

यूपीआय सर्कल म्हणून एक सोय आहे. तुमच्या खात्यातून ठरलेल्या मर्यादेत नाना पैसे देऊ शकतील, पिनशिवाय, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार. सोय चांगली आहे. पण आयुष्यभर स्वतःच्या पगारावर उभा राहिलेला माणूस सुनेच्या खात्यातून दाढीचं सामान घेईल का, हे तुम्हालाच जास्त कळेल. मी असते तर विचारून बघितलं असतं, आग्रह केला नसता. आणि रोखीनेच देईन म्हणाले तर देऊ द्या. रिझर्व्ह बँकेने नोटा काही चालायच्या बंद केलेल्या नाहीत, आणि तुम्हाला घरात सुटे हवेच आहेत. ते आणून ठेवायचं काम नानांकडे द्या.